‘पालकांनाच आस्था नाही’ : एका आरोपाचा इतिहास

मूल मागे पडले की व्यवस्थेकडे एक उत्तर तयारच असते : पालकांनाच आस्था नाही. सभेला बोलावले तर येत नाहीत, वही तपासत नाहीत, घरी अभ्यासाचे वातावरण नाही. हे वाक्य आपल्या वस्त्यांतल्या अनेकांनी ऐकले आहे. पण ते फक्त आपल्या वाट्याला आलेले नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुले इंग्रजी शिकताना अडखळतात, तेव्हा तिथल्या शिक्षकांच्या खोलीतही पिढ्यान्‌पिढ्या हेच वाक्य फिरते आहे. मेक्सिको, प्युर्टो रिको, मध्य अमेरिका इथून आलेल्या या लोकांना तिथे हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणतात. यातले काही तर ‘आलेले’ही नाहीत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेने घेतला आणि तिथली माणसे आपल्याच गावात परकी ठरली. प्युर्टो रिकोचे लोक १९१७ पासून कायद्याने अमेरिकी नागरिक आहेत. तरीही शाळेच्या दाराशी दोघांनाही एकच वागणूक मिळाली.

या पालकांना खरोखरच आस्था नव्हती का? कोर्टाची दप्तरे आणि चळवळींचा इतिहास उघडून पाहिला की उत्तर मिळते, आणि ते आरोप करणाऱ्यांना अडचणीचे आहे.

कोलोरॅडो राज्यातल्या अलामोसा गावात रेल्वेत राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या पालकांनी शिक्षण मंडळाला कोर्टात खेचले. त्यांच्या मुलांना जवळची शाळा सोडून, रूळ ओलांडून ‘मेक्सिकन’ शाळेत जावे लागे. मंडळाचे म्हणणे होते की या मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून ही सोय आहे. कोर्टात मुले इंग्रजीत उत्तरे देऊ लागली आणि सोयीचे सोंग उघडे पडले. १९१४ मध्ये पालक जिंकले.

पुढची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या लेमन ग्रोव्ह गावाची. लिंबाच्या बागांत आणि दगडाच्या खाणीत काम करणारी ही वस्ती. १९३० च्या उन्हाळ्यात शिक्षण मंडळाने पालकांना न विचारता, न कळवता ठरवले की मेक्सिकन मुलांसाठी वेगळी इमारत बांधायची. ५ जानेवारी १९३१ रोजी मुख्याध्यापक शाळेच्या दारात उभे राहिले. गोऱ्या मुलांना आत घेतले आणि सुमारे ७५ मेक्सिकन मुलांना नव्या इमारतीकडे पिटाळले. पालकांनी त्या इमारतीला नाव दिले ‘काबाय्येरीसा’, म्हणजे घोड्यांचा तबेला. मुले घरी परतली आणि पालकांनी त्यांना तबेल्यात पाठवायला साफ नकार दिला. त्यांनी ‘कोमिते दे वेसिनोस’, म्हणजे शेजाऱ्यांची समिती, स्थापन केली. मेक्सिकोच्या वकिलातीची मदत घेतली, वकील गाठले आणि रॉबर्टो अल्वारेझ या १२ वर्षांच्या हुशार, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या नावाने दावा लावला.

ते दिवस कसले होते हे लक्षात घेतले पाहिजे. महामंदी सुरू झाली होती. मेक्सिकन लोकांना गाड्यांत भरून सीमेपार पाठवण्याची मोहीम चालू होती आणि तिच्यात अमेरिकेत जन्मलेली मुलेही भरडली जात होती. अशा काळात रोजंदारीवरचा मजूर सरकारी मंडळाविरुद्ध कोर्टात उभा राहतो, याला ‘आस्था नाही’ म्हणायचे का?

मंडळाचा बचाव तोच होता : ही मुले इंग्रजीत कच्ची आहेत, त्यांना अमेरिकी वळण लावण्यासाठी वेगळी शाळा हवी. प्रत्यक्षात बहुतेक मुले अमेरिकेतच जन्मलेली होती. मार्च १९३१ मध्ये न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी मांडलेला एक मुद्दा साधा पण मर्मावर बोट ठेवणारा होता : इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपासून तोडले तर ही मुले इंग्रजी शिकणार कुणाकडून?

दहाबारा वर्षांनी त्याच राज्यातल्या ऑरेंज परगण्यात पुन्हा तेच नाटक सुरू झाले. १९४३ साली सोलेदाद विदाउरी ही बाई आपली मुले आणि भावाची मुले घेऊन वेस्टमिन्स्टर गावच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची मुले उजळ रंगाची, आडनाव फ्रेंच वळणाचे. शाळा म्हणाली, ही चालतील. भावाची मुले सावळी, आडनाव मेंडेझ. ती ‘मेक्सिकन’ शाळेत न्या. त्या बाईने वाद घातला नाही, विनवणी केली नाही. सगळ्याच मुलांना घेऊन ती घरी परतली. परिषदा आणि ठराव पुढचे. पालकांचा पहिला सहभाग हा असा असतो : आपल्या पोराला मिळालेली जागा नाकारणे, कारण शेजारच्या पोराला ती मिळत नाही.

तिचा भाऊ गोन्झालो मेंडेझ आणि त्याची प्युर्टो रिकोत जन्मलेली बायको फेलिसितास यांनी आधी अर्ज-विनंत्या केल्या. मग मार्च १९४५ मध्ये आणखी चार कुटुंबांना सोबत घेऊन चार शिक्षण मंडळांवर दावा लावला. तो सुमारे ५००० मुलांच्या वतीने होता. गोन्झालो वस्त्या-वस्त्यांत फिरून पालक आणि साक्षीदार गोळा करी आणि फेलिसितास शेत सांभाळी. कोर्टात एका मंडळाच्या अधीक्षकाने शपथेवर सांगितले की मेक्सिकन मुले स्वच्छतेत, क्षमतेत, राहणीत गोऱ्यांपेक्षा कमी असतात. म्हणजे ‘इंग्रजी येत नाही’ हा फक्त मुखवटा होता. आत ‘हे लोक घाणेरडे आहेत’ हेच जुने ओंगळ गृहीतक होते. भाषेच्या चाचण्या तर इतक्या वरवरच्या होत्या की आडनाव पाहूनच मुलाला कुठे पाठवायचे ते ठरे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि एप्रिल १९४७ मध्ये अपिलातही टिकला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी शाळांतील विभाजनाला मुभा देणारी कलमे रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. हेच वॉरन पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९५४ चा ब्राऊन निकाल त्यांनीच लिहिला. मेंडेझ खटल्याच्या अपिलात काळ्यांच्या संघटनेतर्फे निवेदन देणाऱ्यांत थर्गूड मार्शल होते. त्यांनीच पुढे ब्राऊन खटला लढवला. एका शेतकरी नवरा-बायकोच्या हट्टाचा धागा इतका दूरवर गेला.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण चळवळीचा इतिहास आरती ओवाळण्यासाठी नसतो. लेमन ग्रोव्हचा निकाल याच आधारावर टिकला की मेक्सिकन कायद्याच्या दृष्टीने ‘गोरे’ आहेत, आणि वेगळ्या शाळांची मुभा देणाऱ्या कायद्यात त्यांचे नाव नाही. त्या कायद्यात नाव होते इंडियन, चिनी आणि जपानी वंशाच्या मुलांचे. मेंडेझ कुटुंब कसत होते ते शेतही एका जपानी वंशाच्या कुटुंबाचे होते. युद्धकाळात सरकारने त्या कुटुंबाला छावणीत डांबले होते. मेक्सिकन समाजातल्या अनेक पुढाऱ्यांनी ‘आम्ही गोऱ्यांतच मोडतो’ हा युक्तिवाद बरीच वर्षे चालवला. शिडी मोडण्याऐवजी शिडीवरची आपली पायरी सिद्ध करण्याचा हा मार्ग. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे बाबासाहेबांकडून शिकलेल्या वाचकाला त्यातला धोका वेगळा समजावून सांगायला नको. खटला जिंकता येतो, पण खालच्या पायरीवरचा माणूस तिथेच राहतो.

कायदा बदलला तरी वर्ग बदलला नाही. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणे गुन्हा ठरले होते. मधल्या सुट्टीत स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला तरी छडी बसे. टेक्सासच्या ड्रिस्कॉल गावात मेक्सिकन मुलांना पहिल्या दोन इयत्तांतच तीन-चार वर्षे काढावी लागत. कारण अर्थातच भाषा. पण १९५७ च्या खटल्यात उघड झाले की एका मुलीला स्पॅनिश येतच नव्हते. तिच्या आईबापांनी मुद्दाम तिला फक्त इंग्रजी शिकवले होते. तरीही शाळेने तिला ‘मेक्सिकन’ तुकडीत टाकले आणि वकील मध्ये पडल्यावरच तिथून हलवले. पालकांनी शाळेची अट पूर्ण केली, आपली भाषा घरातून हद्दपार केली, तरीही दार उघडले नाही. या एका उदाहरणात सगळा आरोप कोसळतो. भाषा ही अडचण असती, तर ती मुलगी पहिल्याच दिवशी दुसऱ्या तुकडीत बसली असती.

काही पालकांनी आणि संघटनांनी वेगळी वाट धरली. १९५७ मध्येच फेलिक्स तिहेरिना या ह्यूस्टनच्या हॉटेलमालकाने टेक्सासच्या गनाडो गावात ‘चारशे शब्दांची छोटी शाळा’ सुरू केली. त्याचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते आणि इंग्रजी त्याने कामावर शिकले होते. पहिलीत जाण्याआधी मुलाला ४०० इंग्रजी शब्द आले तर ते नापास होणार नाही, हा हिशोब होता. पहिली शिक्षिका होती १७ वर्षांची एक शाळकरी मुलगी, इझाबेल वेर्वेर. सुरुवातीला मोजकीच मुले होती, मग वर्ग भरला. १९५९ मध्ये टेक्सास सरकारने ही योजना राज्यभर उचलली. यावर टीका करता येते : शाळा बदलण्याऐवजी मूलच घासूनपुसून शाळेजोगे केले. टीका बरोबर आहे. पण ज्या आईचे मूल पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे, तिला क्रांतीपर्यंत थांबता येत नाही, हेही खरे आहे.

साठच्या दशकात सूर बदलला. न्यूयॉर्कच्या साऊथ ब्राँक्समध्ये १९६५ साली एवेलिना लोपेझ अँटोनेटी या प्युर्टो रिकन बाईने ‘युनायटेड ब्राँक्स पेरेंट्स’ ही संघटना उभी केली. तिचे काम चळवळीतल्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. तिने पालकांना शाळेत मदतनीस म्हणून पाठवले नाही, तपासनीस म्हणून तयार केले. प्रगतिपुस्तक कसे वाचायचे, वर्गात जाऊन काय पाहायचे, मुख्याध्यापकांना कोणते प्रश्न विचारायचे, मुलाला शाळेतून काढले तर कोणता हक्क बजावायचा, हे सगळे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत सोपे करून घरोघरी पोचवले. ज्यांना ‘अडाणी’ म्हणून दारातून परत पाठवत, त्या बायका कागद हातात घेऊन शाळेत शिरू लागल्या. मग तक्रार बदलली. पालक येत नाहीत असे आता कुणी म्हणेना, हे पालक फार त्रास देतात असे म्हणू लागले! मित्रांनो, आस्थेच्या चर्चेत हा क्षण फार महत्त्वाचा आहे. व्यवस्थेला सहभाग हवा असतो, पण खाऊ वाटण्यापुरता, टाळ्या वाजवण्यापुरता. हिशोब विचारणारा सहभाग तिला नको असतो.

१९६८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात हजारो मेक्सिकन वंशाची मुले शाळांतून बाहेर पडली. दोन भाषांतून शिक्षण, आपला इतिहास आणि माणुसकीची वागणूक ही त्यांची मागणी होती. मुलांवर लाठ्या पडल्या तेव्हा पालक उठले. पालक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांची समिती झाली. मुलांच्या पाठीशी राहिलेले शिक्षक सॅल कॅस्ट्रो यांना वर्गातून हटवले, तेव्हा या मंडळींनी शिक्षण मंडळाच्या कार्यालयात आठवडाभर ठिय्या दिला आणि त्यांना परत आणले. या समितीचे प्रमुख होते वाहाक मार्दिरोसियन, आर्मेनियन वंशाचे पण मेक्सिकोत वाढलेले धर्मोपदेशक. १९८७ मध्ये सॅन डिएगोत याच माणसाने पालकांसाठी काही आठवड्यांचे वर्ग सुरू केले : शाळा कशी चालते आणि मुलाला कॉलेजपर्यंत न्यायचे तर कोणत्या इयत्तेत कोणते विषय घ्यावे लागतात. रस्त्यावरचा लढा आणि संध्याकाळचा वर्ग ही एकाच चळवळीची दोन कामे आहेत.

त्याच १९६८ मध्ये सॅन अँटोनियो शहराच्या एजवूड भागात मुलांनी शाळा सोडून मोर्चा काढला, आणि डेमेट्रियो रॉड्रिगेझ हा पत्राकाम करणारा कामगार इतर पालकांसह कोर्टात गेला. त्याचा मुद्दा पैशाचा होता. शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ता करावर चाले. गरीब एजवूडचे लोक जास्त दराने कर भरत, तरी राज्याने ठरवलेला वाटा वळता करून त्यातून दर मुलामागे २६ डॉलर उरत. शेजारचे श्रीमंत अलामो हाइट्स कमी दराने कर भरून दर मुलामागे ३३३ डॉलर उभे करी. सगळे धरून एका मुलावर खर्च ३५६ विरुद्ध ५९४ डॉलर. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा दावा फेटाळला आणि म्हटले की शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. आस्था पालकांकडे होती, जास्त करही तेच भरत होते. कमी पडली ती व्यवस्था. त्याच एजवूडने १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मात्र लढाई जिंकली. मधे दोन दशके गेली आणि एक अख्खी पिढी शाळा संपवून बाहेर पडली.

टेक्सासच्या टायलर गावची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. तिथल्या मंडळाने १९७७ मध्ये कागदपत्रे नसलेल्या मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागितली. चार मेक्सिकन कुटुंबे नाव गुप्त ठेवून कोर्टात गेली. सुनावणी भल्या पहाटे ठेवली होती, म्हणजे कुणाच्या नजरेत येऊ नये. तरी ही कुटुंबे घरातले सामान गाडीत भरून आली होती. कोर्टातूनच आपल्याला थेट सीमेपार पाठवतील, ही भीती त्यांच्या मनात होती. देशातून हाकलले जाण्याची तयारी ठेवून त्यांनी मुलांच्या शाळेसाठी साक्ष दिली! १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की या मुलांना सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. आजही अमेरिकेतली लाखो मुले त्या चार कुटुंबांच्या धैर्यावर शाळेत बसतात.

मग इंग्रजीचे काय? ‘या लोकांना इंग्रजी नको, आपली भाषाच कुरवाळायची आहे’ हा दुसरा आरोप. १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आस्पिरा या प्युर्टो रिकन संघटनेने शिक्षण मंडळाला लेखी करारात बांधले. त्यानुसार इंग्रजीत कमी पडणाऱ्या स्पॅनिशभाषक मुलांना त्यांच्या भाषेत विषय शिकवत इंग्रजी शिकवायचे होते. पण कागदावरची चांगली योजना वर्गात कशी राबते, हा निराळा प्रश्न. १९९६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेतल्या शिलाई कामगार पालकांनी मुलांना घरी ठेवले. त्यांची मागणी होती : आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा. स्पॅनिश आम्ही घरी शिकवू.

त्या मागणीचे पुढे काय झाले, ते नीट पाहा. रॉन उन्झ या श्रीमंत सॉफ्टवेअर उद्योजकाने तिचाच दाखला देत राज्यभर द्विभाषिक शिक्षणाविरुद्ध मोहीम काढली. १९९८ मध्ये ‘प्रपोझिशन २२७’ ६१ टक्के मतांनी मंजूर झाले. बहुतेक मुलांना साधारण एक वर्ष इंग्रजीचा विशेष वर्ग आणि मग थेट मुख्य वर्ग. बहुतेक लॅटिनो मतदारांनी विरोधात मत दिले, पण ते मतपेटीत कमी पडले. ज्यांना द्विभाषिक वर्ग हवा, त्या पालकांनी स्वतः शाळेत येऊन सूट मागायची, अशी अट होती. रोजंदारी बुडवून, न येणाऱ्या भाषेतल्या कार्यालयात जाऊन! एका शाळेतल्या पालकांनी चांगले इंग्रजी मागितले होते. त्यांचे नाव वापरून लाखो पालकांची निवडच अवघड केली गेली. २०१६ मध्ये मतदारांनीच हे बंधन मोठ्या बहुमताने उठवले. मधे १८ वर्षे गेली. शोषितांची खरी तक्रार उचलून तिचे हत्यार त्यांच्यावरच चालवणे, हा डाव ओळखायला आपण शिकले पाहिजे.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करू. अनेक हिस्पॅनिक पालक खरोखरच शाळेत कमी जातात. का? ग्वादालुपे वाल्देस या अभ्यासक बाईने दहा मेक्सिकन कुटुंबांसोबत राहून एक पुस्तक लिहिले, ‘कोन रेस्पेतो’, म्हणजे ‘आदराने’. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासियोन’ म्हणजे फक्त शिक्षण नव्हे, तर संस्कार, वागणूक, मोठ्यांचा मान. या आईबापांच्या मते घराने मुलाला माणूस करायचे आणि गुरुजींनी अक्षर शिकवायचे. गुरुजींच्या कामात ढवळाढवळ करणे हा अनादर. शाळेने या आदरालाच अनास्था म्हटले. त्यात भर रात्रपाळीची, भाषेची आणि पकडले जाण्याच्या भीतीची. आणि दुभाषी कोण? तेच दहा वर्षांचे मूल! स्वतःच्या तक्रारीचे भाषांतर स्वतःच्याच आईला करून सांगणारे. शाळेने पालकांशी त्यांना कळेल अशा भाषेत बोलावे आणि त्यासाठी मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये, असे अमेरिकेच्या सरकारला २०१५ मध्येही शाळांना लेखी बजावावे लागले. कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणारी २१ किंवा अधिक मुले असलेल्या शाळेत त्यांच्या पालकांची सल्लागार समिती सक्तीची आहे. पण समिती कागदावर असणे वेगळे आणि तिथे बसलेल्या आईला ‘नाही’ म्हणता येणे वेगळे.

या सगळ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. पालक आले नाहीत तेव्हा त्यांना ‘बेफिकीर’ म्हटले. आले आणि गप्प बसले तेव्हा ‘अडाणी’ म्हटले. आले आणि प्रश्न विचारले तेव्हा ‘उपद्रवी’ म्हटले. प्रत्येक वेळी शाळेने पालकाला प्रगतिपुस्तक दिले, स्वतःचे कधी दाखवले नाही. ज्या दिवशी पालकांनी ते मागितले, त्या दिवसापासून इतिहास बदलू लागला.

म्हणून वस्तीत काम करणाऱ्या तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर ‘पालकांनाच आस्था नाही’ म्हणाले, तर वाद घालत बसू नका. तीन प्रश्न विचारा. सभा कोणत्या वेळी ठेवली होती? कोणत्या भाषेत होती? आणि त्या सभेत पालकांना ठरवण्याचा अधिकार कशावर होता? उत्तर मिळाले नाही, तर साऊथ ब्राँक्सच्या त्या बायांसारखे करा. चार आया गोळा करा, त्यांच्या हातात हक्काचा कागद द्या, तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि त्यांच्यासोबत शाळेच्या दारापर्यंत जा. आत मात्र त्यांनाच पुढे जाऊ द्या.